मागच्या पानावर उत्तर नसलेला प्रश्न : सांगलीतील एका विद्यार्थिनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील विद्यार्थिनी तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदार कुटुंबातली आहे. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण तिने सांगलीत, रोज एसटीने ये-जा करून पूर्ण केले. एम.एस्सी.ला गणितात प्रथम श्रेणी मिळाली, पाठोपाठ सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेची सेट परीक्षा उत्तीर्ण झाली आणि पुढे संशोधन करायचे, असे ठरवून ती माझ्याकडे आली. तिची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. गणित मात्र तिच्या वह्यांतले आहे तसेच दिले आहे, कारण या प्रकरणात जे काही घडले ते त्या गणितातच घडले.

तिच्या तयारीत उणीव शोधू गेल्यास सापडली नसती. गट सिद्धांत, वलय सिद्धांत, संख्या सिद्धांत या विषयांतील मुख्य प्रमेयांच्या सिद्धता ती फळ्यावर न अडखळता लिहीत असे. तिची वही पाहण्यासारखी होती: प्रमेय लाल शाईच्या चौकटीत, खाली सिद्धता निळ्या शाईत, आणि पानोपानी एकही खाडाखोड नाही. एखादा शोधनिबंध वाचायला दिला की काही आठवड्यांत त्याच्या नीटनेटक्या नोट्स तयार होत आणि मग ठरलेला प्रश्न येई, "सर, आता पुढे काय वाचू?" वाचनात ती कधी थकली नाही, पण वाचलेल्या निबंधाविषयी "हे असेच का, वेगळे असते तर?" असा प्रश्न त्या काळात तिच्याकडून एकदाही आला नाही.

हे लक्षण तिच्या एकटीचे नव्हते. पाठ्यपुस्तकातला प्रश्न नुसता प्रश्न म्हणून येत नाही, तो स्वतःसोबत एक बातमीही आणतो: हा प्रश्न सुटतो, आणि ज्या प्रकरणाच्या शेवटी तो छापला आहे त्याच प्रकरणातल्या साधनांनी सुटतो. या बातमीवर विद्यार्थी इतके अवलंबून असतात की ती आपल्याला मिळते आहे, हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या शिक्षणानंतर पहिल्यांदा ती मिळेनाशी होते, तेव्हा हुशार विद्यार्थ्याला वाटते की आपले ज्ञान कमी पडते आहे, आणि तो आणखी वाचू लागतो.

पहिला प्रयत्न

जिचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही आणि मलाही ठाऊक नाही, अशी एखादी गोष्ट विचारण्यास मी तिला सांगितले. तिने आणलेले प्रश्न एकाच साच्याचे होते. एखाद्या निबंधातील प्रमेय घ्यायचे, त्यातील 'वलय' या (बेरीज-गुणाकाराचे ठरावीक नियम पाळणाऱ्या) रचनेच्या जागी तिच्यापेक्षा थोडी सैल रचना ठेवायची आणि प्रमेय टिकते का ते तपासायचे. अशा प्रश्नांवर शोधनिबंध निघतात आणि आपल्याकडे ते पुष्कळ निघतात, हे मान्य करूनही माझे मत असे आहे की नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. ज्या रचनेचे एकही उदाहरण आपण हाताने चाचपलेले नाही, तिच्याविषयीचे प्रमेय खरे ठरले काय आणि खोटे ठरले काय, आत काही हलत नाही. तिचेही तसेच झाले. दोन-तीन पाने लिहून ती थांबत असे आणि आपण का थांबलो हे तिला सांगता येत नसे.

खरा प्रश्न आला तो भलत्याच बाजूने. २२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. २०१८ साली त्या निमित्ताने एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांसमोर बोलण्यासाठी तिला पाठवले होते. विषय तिने निवडला तो दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या ६१७४ या संख्येचा. कापरेकर (१९०५–१९८६) मूळचे डहाणूचे, आयुष्यभर देवळालीला शाळेत शिकवणारे. त्यांनी १९४९ साली दाखवून दिले की सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडले, मोठीतून लहान संख्या वजा केली आणि हेच पुन्हा पुन्हा केले, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. मुलांनी वह्यांत करून पाहिले, टाळ्या झाल्या. तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने दोन अंकी संख्येवर तोच प्रयोग केला आणि विचारले, "ताई, हे कुठंच थांबत नाही. का?"

तिची वजाबाकी बरोबर होती. ८१ पासून निघाले तर ८१ वजा १८ म्हणजे ६३. मग ६३ वजा ३६ म्हणजे २७. ७२ वजा २७ म्हणजे ४५. ५४ वजा ४५ म्हणजे ९. आणि ९० वजा ०९ म्हणजे पुन्हा ८१. पाच संख्यांचा हा फेरा आहे आणि दोन वेगवेगळ्या अंकांची कोणतीही संख्या अखेर त्यात सापडते. असे होते हे ताईंना सांगता आले. का होते, हे सांगता आले नाही.

अडणे

तो प्रश्न घेऊन ती आली तेव्हा त्यात संशोधनाचे काही आहे, असे तिला मुळीच वाटत नव्हते. शाळेतल्या मुलीला उत्तर द्यायचे राहिले, एवढीच रुखरुख होती. तिने आधी सुचणारी गोष्ट सुचवली: वजाबाकी नेहमी ९ च्या पटीत येते. हे खरे आहे, पण त्याने फेऱ्यात ९ च्या पटी का आहेत एवढेच कळते. १८, ३६, ५४, ७२ याही ९ च्याच पटी आहेत आणि त्या फेऱ्यात नाहीत. यानंतर तिने जे केले ते तिच्या आजवरच्या सवयीला धरून होते. तिने गतिकी प्रणालींवरचे एक जाडजूड पुस्तक काढले आणि पहिल्या प्रकरणापासून नोट्स लिहायला घेतल्या.

मी तिला पुस्तक मिटून पाया बदलून पाहायला सांगितले. आपण दहाच्या पायावर संख्या लिहितो. चारच्या, पाचच्या, सहाच्या पायावर, म्हणजे तेवढेच अंक वापरून, लिहिल्या तर हाच प्रयोग काय दाखवतो? तिची हरकत इथे मुद्दाम नोंदवतो, कारण ती प्रामाणिक होती आणि बहुतेक चांगल्या विद्यार्थ्यांची तीच असते: "सर, दुसऱ्या पायात उत्तर वेगळंच येणार ना? मग त्याचा आपल्याला उपयोग काय?" विचारलेले सोडून दुसरे काही सोडवत बसणे तिला वेळेचा अपव्यय वाटत होते. परीक्षेत तो अपव्ययच असतो.

ही गोष्ट काही महिने तशीच पडून राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, एसटी बंद झाली, आणि ती गावी घरात अडकली. पुस्तके सांगलीच्या खोलीवर, नेटवर्क येऊन-जाऊन. पुराला श्रेय देण्याचा माझा इरादा नाही; त्या दिवसांत घरोघर जे झाले ते पाहता तसे करणे शोभणारही नाही. पण 'पुढे काय वाचू' हा प्रश्न विचारायची सोय काही काळ उरली नाही, एवढी नोंद केलीच पाहिजे. वडिलांच्या बेदाण्याच्या सौद्यांच्या जुन्या पावत्या घरात होत्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर तिने एकेक पाया घेऊन आकडेमोड केली. त्या पावत्या मी नंतर पाहिल्या. त्यांवर खाडाखोड भरपूर होती.

पावत्यांवरचे गणित

आधी तिने काम हलके केले. पाया प असेल आणि दोन अंकांतला फरक फ असेल, तर वजाबाकी नेहमी फ × (प − १) येते; म्हणजे मूळ अंक कोणते याला महत्त्व नाही, फक्त फरकाला आहे. त्या वजाबाकीचे अंक फ − १ आणि प − फ असतात, म्हणून नवा फरक प + १ मधून फ ची दुप्पट वजा केल्यावर येणारी संख्या, चिन्ह सोडून. प + १ ला म म्हणू. दहाच्या पायात म = ११, आणि फरकांचा फेरा ९, ७, ३, ५, १ आणि पुन्हा ९ असा होतो. इथपर्यंत शालेय बीजगणित पुरते.

मग तक्ता. पाया ४ घेतला तर फेऱ्यात २ फरक येतात, पाया ६ ला ३, पाया १० ला ५, पाया १२ ला ६. तिने लगेच नियम लिहिला: सम पायात एकच फेरा असतो आणि त्याची लांबी पायाच्या निम्मी असते. मध्ये ८ राहिला होता, तो नंतर केला. तिथे १, ७, ५ असा तिघांचा फेरा आला आणि ३ एकटाच स्वतःपाशी थांबला. पावतीवर दिसते की हे गणित तिने अनेकदा पुन्हा केले आहे, दर वेळी आधीचे खोडून. शेवटी तिने समासात लिहिले, "८ हा अपवाद", आणि पुढे गेली.

या टिपेपाशी थोडे थांबतो. शिकत असताना नियमाशी न जुळणारे उत्तर म्हणजे आपली चूक, ही समजूत रास्त असते, कारण नियम शेकडो लोकांनी तपासलेला असतो. इथे नियम तिचा स्वतःचा, चार उदाहरणांवर बेतलेला होता, तरी तिने त्याला पुस्तकातल्या प्रमेयाचा मान दिला आणि ८ ला गुन्हेगार ठरवले. पुढे १४ केला तेव्हा तीन फेरे आले: १, १३, ११, ७ हा चौघांचा, ३ आणि ९ हा दोघांचा, आणि ५ एकटा. दुसरा अपवाद आल्यावर तिची भाषा बदलली. त्या दिवशीच्या पावतीवर पहिल्यांदा प्रश्नचिन्ह दिसते: "८ आणि १४ मध्ये सारखे काय?" ८ ला म = ९, १४ ला म = १५; दोन्ही संयुक्त संख्या. उरलेल्या पायांचे म ५, ७, ११, १३, सगळे मूळ. नवा नियम झाला: म मूळ असेल तर एकच फेरा.

हा नियम १६ ने मोडला. तिथे म = १७ मूळ आहे, तरी फेरे दोन: १, १५, १३, ९ आणि ३, ११, ५, ७. या वेळी तिने १६ ला अपवाद म्हटले नाही. पूर ओसरून ती सांगलीला आली तेव्हा तक्ता हातात होता आणि पहिले वाक्य होते, "सर, सतरानं घोटाळा केलाय."

आता तिला काय दिसत नव्हते ते पाहू. नव्या फरकाचे सूत्र तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होते, पण त्यातले 'चिन्ह सोडून' हे शब्द आडवे येत होते. मी विचारले, म ने भागल्यावर बाकी किती उरते एवढेच पाहायचे आणि अधिक-उणे एकच मानायचे ठरवले तर ते सूत्र काय करते? ती बराच वेळ सूत्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "नुसती दुप्पट करतं." म मधून दुप्पट वजा केली काय किंवा दुपटीतून म वजा केला काय, म च्या पटी बाजूला ठेवल्या की चिन्हापलीकडे फ ची दुप्पटच उरते. म्हणजे कापरेकरांचा दोन अंकी प्रयोग दर पायरीला दुप्पट करतो, आणि फेऱ्याची लांबी २ चा कितवा घात म ने भागल्यावर बाकी १ किंवा −१ (म्हणजे म पेक्षा एकने कमी) देतो यावर ठरते. ११ साठी २ चा पाचवा घात ३२ हा −१ बाकी देतो, म्हणून फेऱ्यात पाच. १७ साठी चौथा घात १६ हाच −१ बाकी देतो, म्हणून चौघांचे दोन फेरे.

मूळ संख्येच्या शून्येतर बाक्यांचा गुणाकार गट चक्रीय असतो, म्हणजे एकाच बाकीचे घात घेत गेले की सगळ्या बाक्या मिळतात, हे प्रमेय तिने परीक्षेत सिद्ध करून पूर्ण गुण मिळवले होते आणि सेटसाठी पुन्हा घोकले होते. तेच प्रमेय पावत्यांवर दिवसचे दिवस तिच्यासमोर होते आणि तिने ते ओळखले नव्हते. याचा दोष तिला देता येत नाही. ज्याची ओळख नेहमी 'सिद्ध करा' या दारानेच झाली, ते आपल्याच आकडेमोडीत भेटले तर ओळखावे कसे, हे आपल्या अभ्यासक्रमात कुठेही शिकवले जात नाही.

सिद्धता लिहिताना

ओळख पटल्यावर पहिली लेखी सिद्धता तिने दोन दिवसांत आणली, आणि तीत भोक होते. दुप्पट करणे एकास एक असते, म्हणजे वेगळ्या बाक्यांची दुप्पट वेगळीच येते, असे तिने गृहीत धरले होते. म विषम असेल तरच ते खरे. तिला मी चूक दाखवली नाही. पाया ९ वर सिद्धता ताडून पाहा, एवढेच म्हटले. तिथे म = १०; फरक ५ असेल तर पुढचा फरक शून्य येतो आणि सगळे संपते. तिने स्वतःच प्रकरणे वेगळी केली. म विषम असेल तर प्रत्येक विषम फरक कुठल्या ना कुठल्या फेऱ्यात असतो. म सम असेल तर त्याच्या निम्म्याइतका फरक शून्यावर जातो. म हा २ चा घात असेल, म्हणजे पाया ३, ७, १५ असा असेल, तर सगळेच शून्यावर जाते. ६१७४ सारखी सर्वांना गाठणारी एकच शून्येतर संख्या दोन अंकांत हवी असेल तर पाया २ शिवाय ती मिळत नाही. नववीतल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

यानंतर संशोधन-वाङ्मय, म्हणजे आधी छापलेले शोधनिबंध, पाहिले तेव्हा दोन अंकी प्रकरण आधीच छापून झाले असल्याचे आढळले. ती खचली. माझ्या मते नवशिक्याचा पहिला प्रश्न आधीच सुटलेला निघणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि वाङ्मय आधी न पाहता नंतर पाहिले हे या प्रकरणात बरेच झाले. उत्तर आहे हे कळले असते तर ती पुन्हा नोट्स काढायला बसली असती. संशोधनाच्या रीतसर टप्प्यावर ही सूट कोणी घेऊ नये, हेही तितकेच खरे. खचलेपण टिकले नाही, याचे कारण तिच्याजवळ आता छापील निबंधात नसलेले प्रश्न होते. तीन अंकी प्रकरण तिने एका दुपारीत उलगडले: तिथे फरक एकेक करत मध्याकडे सरकतो, म्हणून सम पायात तो निम्म्यावर थांबतो (दहाच्या पायात ५, म्हणजे ४९५) आणि विषम पायात मधल्या दोघांत झुलत राहतो. दोन अंकी प्रकरण इतके गुंतागुंतीचे आणि तीन अंकी इतके सरळ, याचे तिला नवल वाटले, आणि "हेही कुणी केलेलं असणार" असे हसून म्हणत ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. तेही खरेच झालेले आहे.

प्रश्न निवडणे

तिचा पुढचा प्रश्न असा होता: ज्यांत सगळे शून्येतर फरक एकाच फेऱ्यात सापडतात असे पाये किती? यादी २, ४, ६, १०, १२, १८, २२, २८, ३६, ४६, ५२ अशी सुरू होते. ही यादी संपते का? गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२७ साली मांडलेल्या अनुमानानुसार अशा मूळ संख्या अनंत आहेत की ज्यांच्या बाबतीत २ चे घात सगळ्या शून्येतर बाक्या देतात. ते खरे असेल तर तिची यादीही अनंत आहे. ख्रिस्तोफर हूली यांनी १९६७ साली ते सिद्ध केले, पण व्यापक रीमान अनुमान हे स्वतःच अजून सिद्ध न झालेले विधान गृहीत धरून. बिनशर्त सिद्धता आजही नाही.

पावत्यांच्या कोऱ्या बाजूवरून निघालेली वाट इथे येऊन पोहोचते, याचा आनंद मला तिच्यापेक्षा अधिक झाला असावा. तिने विचारले ते व्यवहाराचे होते: "म्हणजे हा आपल्याला सुटणारा नाही. मग याच्या शेजारचा कुठला सुटेल?" काही महिन्यांपूर्वी याच विद्यार्थिनीला पाया बदलणे निरुपयोगी वाटत होते. सुटणारा प्रश्न कोणता, हे आता ती स्वतः चाचपत होती. पाठ्यपुस्तक जी बातमी फुकट देत असे, ती मिळवण्याचे काम तिने अंगावर घेतले होते.

तिने प्रश्न उलटा केला. म मूळ असूनही फेरा तुटतो, असे पाये अनंत आहेत का? तक्त्यात असे पाये १६, ३०, ४०, ४२ होते. १७ आणि ४१ या दोघांना ८ ने भागल्यास बाकी १ उरते, हे तिला दिसले, आणि या वेळी कोणते प्रमेय हवे हे मला सांगावे लागले नाही. अशा मूळ संख्येसाठी २ आणि −१ हे दोन्ही वर्ग (म्हणजे कुठल्या तरी संख्येच्या वर्गाची बाकी) असतात, त्यामुळे त्यांच्या गुणाकारांतून वर्गांबाहेरची बाकी कधीच मिळत नाही आणि फेरा तुटणे अटळ होते. आता अशा मूळ संख्या अनंत आहेत एवढेच हवे. युक्लिडची जुनी रीत तिने वापरली: अशा माहीत असलेल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून त्याची दुप्पट करावी, तिचा चौथा घात घेऊन त्यात १ मिळवावा. येणाऱ्या संख्येचा प्रत्येक मूळ भाजक विषम असतो, आधीच्या यादीत नसतो आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ च उरते. सिद्धता अर्ध्या पानाची आहे. ती तज्ज्ञाला नवी वाटणार नाही. पण प्रश्न तिने मांडला होता, तो सुटेल हा अंदाज तिचा होता आणि बरोबर आहे याची खात्रीही तिची तिने करून घेतली होती. सिद्धता दाखवताना "बरोबर आहे का?" असे तिने विचारले नाही. तिसऱ्या ओळीत 'विषम' हा शब्द का आवश्यक आहे, हे ती मला समजावत होती.

३० आणि ४२ मात्र या नियमात बसत नाहीत. ३१ ला ८ ने भागल्यास बाकी ७ उरते, ४३ ला ३. तिने त्यांना अपवाद म्हटले नाही, फेरे मोजले. १६ आणि ४० या पायांत दोन-दोन फेरे आहेत, ३० आणि ४२ मध्ये तीन-तीन. ३० मधला एक फेरा १, २९, २७, २३, १५ असा आहे. वर्गांच्या जागी इथे घन बसतात, असा तिचा तर्क आहे आणि तो बरोबर आहे: ३१ आणि ४३ या दोन्ही संख्यांसाठी २ हा घन आहे. कोणत्या मूळ संख्यांसाठी २ घन असतो हे गाउसला माहीत होते, ते मी तिला अद्याप सांगितलेले नाही. ३१ म्हणजे ४ अधिक २७ आणि ४३ म्हणजे १६ अधिक २७, एवढे तिने तक्त्याच्या समासात लिहून ठेवले आहे, आणि पुढची अशी मूळ संख्या कोणती ते ती शोधते आहे.